राखेतली बिजवाई

आमच्या रोहण्यात आनंदाबाईचं नाव निघालं की लोकांना आधी तिची मडकी आठवायची आणि मग ती. घराच्या मागच्या खोलीत, उजेड पोचणार नाही अशा कोपऱ्यात मडक्यावर मडकं चढवून तिची उतरंड उभी असे. ज्वारी, तूर, मूग, अंबाडी, वाल, दोडकी, सगळ्यांचं बी तिच्याकडे. पुढच्या पेरणीसाठी राखलेल्या अशा बियाला आमच्याकडे बिजवाई म्हणतात. बी उन्हात खडखडीत वाळवायचं, चाळलेल्या राखेत घोळायचं, वर कडुनिंबाचा पाला ठेवायचा आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. मग किड्याची काय बिशाद.

संकरित बियाण्याच्या पिशव्या गावात आल्या तरी तिचा मान कमी झाला नाही. पिशवीनं दगा दिला की भले भले मुकाट्यानं तिच्या दारात येऊन बसायचे. ती देई, पण एका अटीवर. सुगी झाली की नेलेलं बी सवाईनं परत आणायचं, म्हणजे पायलीभर नेलं तर सव्वा पायली. ती सव्वा पायलीही ती पाखडून, दाणा दाणा बघून घ्यायची. खुजट दाणा दिसला की तुमच्यासमोर कोंबड्यांना टाकायची, आणि तुम्ही कोण कुठले पाटील असाल, त्याचं तिला काही नसे.

मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्याची. मास्तरांशी लग्न होऊन रोहण्यात आले ती तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात. पहिल्याच वर्षी तिनं मला झापलं. मी परसातल्या वालाच्या वेलावरच्या टपोऱ्या शेंगा तोडून भाजी केली होती. "सगळ्यात चांगली शेंग आपली नसते वं कांता," ती म्हणाली, "ते पुढच्या सालाची रायते." मला राग आला होता. शेंग माझी, वेल माझा, आणि ही कोण सांगणारी. पण तिच्याशी भांडण टिकत नसे. संध्याकाळी वाटीभर वालाचं बी पदराखाली झाकून आणून द्यायची, वर "सवाईनं देजो" म्हणायचीच.

बहात्तरच्या दुष्काळातली तिची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. घरात दाणा नव्हता, पण बिजवाईची ज्वारी मडक्यात भरलेली होती. तिची धाकटी लेक नलू तेव्हा लहान. ती मडक्याकडे बोट दाखवून घुगऱ्या मागायची, रडून रडून झोपायची. आनंदाबाईनं घरादाराला रानातल्या तरोट्याची भाजी आणि कोंड्याची आंबील खाऊ घातली, पण मडक्याचं लिंपण फोडलं नाही. "बिजवाई खाल्ली का घर बुडालं," हे तिचं एकच उत्तर. पुढच्या मृगात अर्ध्या गावानं तिच्याच ज्वारीवर पेरणी केली. तेव्हापासून तिचं म्हणणं म्हणजे गावात कायदा झाला.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते मूर्खपणातून झालं असं कुणी म्हणू नये. लोक म्हणतात. शहरातले तर फार लवकर म्हणतात.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, लक्ष्मणरावांच्या थुंकीत रक्त आलं. उंचापुरा, हाडापेराचा माणूस चिपाडासारखा झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यात टीबी निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, आधी सुया आणि मग दीड वर्ष गोळ्या, एक दिवससुद्धा खंड नको. घरी आल्यावर त्या दोन अक्षरांना उंबरठ्याबाहेरच ठेवलं गेलं. कुणी विचारलं तर बुढ्याला खोकला आहे, एवढंच सांगायचं. नलू लग्नाच्या वयाला येत होती, आणि टीबीच्या घरात सोयरीक कोण करणार?

सुया संपता संपता लक्ष्मणराव असे सुधारले की ओळखू येईनात. आवाज परत आला, भूक परत आली. उन्हाळा लागला तेव्हा त्यांनी वखर धरला. आनंदाबाईनं बांधावर उभं राहून ते पाहिलं आणि त्याच दिवशी घरी येऊन गोळ्यांची पुडी हातात घेऊन बसली. मी तिथंच होते.

"माणूस बरा झाला," ती म्हणाली. "आता उरलेल्या काहाले घालाव पोटात? उद्या पुन्हा आला खोकला तं कोठून आणाव?"

"पण डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं ना काकू?"

"सांगन ना तो. त्याले का शेती हाये? अवं, रोज काठी मारली का बैल निर्ढावते. मंग किती बी मारा, हालत नाई. अंगाचं बी तसंच रायते. दवाईची सवय लागली का दवाई चढत नाई. राखून वापराव."

आता यात गैर काय, असंच तेव्हा कुणीही म्हटलं असतं. सगळं गाव हेच बोलत होतं. पलीकडचे बबनराव तर औषधांचे मोठे जाणकार. त्यांच्या मते सुईत ताकद असते, गोळी थंड असते आणि कॅप्सूल गरम पडते, म्हणून कॅप्सूल ताकासोबत घ्यावी आणि दोन दिवसांनी बरं वाटलं की बंद करावी, नाहीतर आतडी जळतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध शेवटपर्यंत घेणारा माणूस आमच्या गावात हावरट ठरला असता. भांडं चाटूनपुसून रितं करू नये, कोठीत चार दाणे ठेवावेत, हे ज्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालं, त्यांनी औषधाची पुडी तरी रिती का करावी?

तर उतरंडीत एका नव्या मडक्याची भर पडली. त्यात राख, राखेत फडक्याच्या पुरचुंड्या, पुरचुंड्यांत गोळ्या. वर कडुनिंबाचा पाला. दवाखान्यातून महिन्याची पुडी आली की ती त्यातल्या अखंड, चकचकीत गोळ्या निवडून मडक्यात टाकायची आणि फुटक्या तुटक्या तेवढ्या लक्ष्मणरावांना द्यायची. चांगली शेंग पुढच्या सालाची.

गावाला कळायला वेळ लागला नाही. बबनरावांच्या पायाला गळू झालं, त्यांनी चार गोळ्या नेल्या. पुढे त्यांच्या घरी तापाचं औषध आलं तेव्हा त्यातल्या पिवळ्या कॅप्सूल वाचवून त्यांनी सवाईनं परत केल्या. असं करता करता मडक्यात लाल, काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या सगळ्या जाती जमल्या. कोणती कशाची हे कुणाला माहीत नव्हतं, पण सगळ्या जोरदार होत्या याबद्दल कुणाला शंका नव्हती. एकदा तिनं बी वाळवतात तशा कॅप्सूल सुपात घालून उन्हात ठेवल्या. संध्याकाळी त्यांचा एकच चिकट गोळा झाला होता. नलू हसून हसून भिंतीला टेकली. "माय," ती म्हणाली, "एकडाव मले बी राखेत ठेव. कीड लागणार नाई."

नलू तशीच होती. बापाची सगळ्यात लाडकी. त्यांना परत खोकला लागला तेव्हा त्यांची थुंकायची राखेची वाटी तीच उचलायची, त्यांच्याच ताटात त्यांच्यामागून जेवायची आणि त्यांच्याच खोलीत झोपायची.

खोकला परत लागला हे मी पटकन सांगून गेले, पण ते असं पटकन झालं नाही. आधी एका पावसाळ्यात आला. आनंदाबाईनं मडकं उघडलं, गोळ्या दिल्या, उतार पडला. तिची मान ताठ झाली. पुढच्या वर्षी परत आला, परत मडकं, परत उतार, पण थोडा. मग पुन्हा तालुक्याला नेलं. तिथं नव्या लाल कॅप्सूल मिळाल्या. त्या घेतल्या की लघवी लाल व्हायची. ते पाहून बबनरावांनी निकाल दिला की गरमी बाहेर पडून राह्यली. आनंदाबाई घाबरली, लाल कॅप्सूल दिवसाआड देऊ लागली आणि राहिलेल्या मडक्यात गेल्या. दवाखान्यात जाणंही कमी होत गेलं. नलूची सोयरीक सेलूला ठरत होती आणि टीबीच्या औषधाच्या खिडकीसमोरच्या रांगेत सेलूकडचं कुणी भेटलं असतं तर सगळंच संपलं असतं.

उतार दर वेळी कमी पडत गेला तेव्हा आनंदाबाईनं दोष मडक्याला दिला. राख बदलली. आंब्याच्या लाकडाची राख घातली. तिला वाटलं, बी जुनं झालं की उगवत नाही, तसं औषधाचं झालं असेल. मी तिला राख चाळताना पाहायची आणि माझ्या मनात काही येत नसे. कुणाच्याच मनात येत नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर नलू खोकायला लागली.

मुलीचा खोकला आईनं पहिल्या दिवशीच ओळखला. मडक्यातल्या उत्तमातल्या उत्तम कॅप्सूल काढून दिल्या. बापासाठी फुटक्या गोळ्या निवडणारी बाई मुलीसाठी पाच वर्षांची राखण ओतायला निघाली. काही उपयोग झाला नाही. नलूचे गाल बसले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सेलूच्या लोकांनी कुणाच्या तरी तोंडी निरोप पाठवला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. त्या दिवशी आनंदाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. "लग्न गेलं तं गेलं," ती म्हणाली. "पोट्टी पाह्यजे मले. चाल वर्ध्याले."

आम्ही पिपरी मेघ्याला माझ्या माहेरी उतरलो आणि तिथून नलूला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू लागलो. डॉक्टर तरुण होते, थकलेले दिसायचे, पण तुसडे नव्हते. त्यांनी सुया, गोळ्या, लाल कॅप्सूल, सगळं सुरू केलं आणि आनंदाबाईला बजावलं की एकही चुकायला नको. आणि तिनं काय केलं सांगते. जन्मभराचा नेम मोडला. सकाळी सूर्य उगवायच्या आत नलूला बसवायची, सगळ्या गोळ्या तळहातावर मांडून एकेक गिळायला लावायची, मग तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. महिना संपला की रिकामी पुडी झटकून मला दाखवायची. एक गोळी राखली नाही. एक कण राखला नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तळापर्यंत रितं झालं होतं, आणि नलू दर महिन्याला आणखी हलकी होत होती.

डॉक्टरांनी थुंकी तपासायला दूर कुठंतरी पाठवली. जंतू वाढवून बघायचे असतात, वेळ लागतो म्हणाले. उन्हाळ्याच्या शेवटाला त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. नलू बाहेर बाकावर बसली होती.

"हिच्या जंतूंवर यातलं एकही औषध चालत नाही," ते म्हणाले. "हिनं आधी कधी अर्धवट औषध घेतलं होतं का? घरात कुणी?"

आनंदाबाईनं सगळं सांगितलं. मडकं, राख, सवाई, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "पोरीच्या अंगाले सवय लागली का जी दवाईची? पण तिनं तं कई घेतलीच नोती. बैलाले काठीच नाई लागली तं तो निर्ढावन कसा?"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "निर्ढावतो तो रोग, आई. अंग नाही. औषध थोडं थोडं दिलं की कमजोर जंतू मरतात आणि दणकट तेवढे मागे राहतात. मग त्या दणकटांचीच पैदास होते. पुन्हा थोडं औषध, पुन्हा त्यातले दणकट उरणार. तुमच्या यजमानांच्या छातीत इतकी वर्षं हेच झालं. हिला जे लागलं ते त्यांच्याकडून, तयार झालेलंच."

"दणकट उरते," ती म्हणाली, "अन् त्याचंच वाढते."

"हो."

"दर साली."

"हो, तसंच."

ती मान हलवत राहिली. डॉक्टरांना वाटलं समजलं नाही, ते पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले. तिनं हात जोडले. "समजलं जी." उठताना तिला खुर्चीचा हात सापडेना. मी तिला धरलं. बाहेर आलो तशी ती भिंतीशी थांबली. नलू बाकावरून आमच्याकडे बघत होती, म्हणून आनंदाबाईनं तिच्याकडे पाठ केली.

"कांता," ती अगदी हळू म्हणाली, "म्या रोगाची बिजवाई राखली वं. निवडून निवडून राखली. हलकं हलकं मारलं अन् दणकट दणकट ठेवलं. अन् पोटच्या पोरीच्या आंगात पेरलं."

तिच्या बोलण्यात चूक काढायला जागाच नव्हती. बियाणं कसं तयार होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. बबनरावांचा, सेलूवाल्यांचा, दीड वर्ष असं एका वाक्यात सांगून पुढच्या माणसाला बोलावणाऱ्या सगळ्या दुनियेचा. तिला हे कुणी पाच वर्षांपूर्वी याच शब्दांत सांगितलं असतं तर तिनं एकेक गोळी नवऱ्याच्या घशात ढकलली असती. पण कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी गावानं तिला वेडी ठरवलं असतं, हेही खरं.

मुंबईकडे आणखी एक औषध मिळतं, डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी खटपट करून ते मिळवलंही. ते नलूच्या पोटात टिकेना. मग आम्ही तिला रोहण्याला परत आणलं.

शेवटी शेवटी तिला बोलायलाही धाप लागायची. एकदा दुपारी मी पेज घेऊन गेले तर ती आईला म्हणत होती, "माय, मडक्यात एखादी राह्यली असन तं पाहाय ना." तिला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. आनंदाबाई उठली, मागच्या खोलीत गेली, बराच वेळ मडकी सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "नाई वं बाई, सरल्या." मडक्यात होत्या. मी नंतर पाहिल्या.

पोळ्याच्या आधी नलू गेली. लक्ष्मणराव ओसरीवर बसून खोकत होते. त्यांना धरून पोरीजवळ न्यावं लागलं. ज्याला मरायचं होतं तो राहिला, असं ते सारखं म्हणत होते. आनंदाबाई रडली नाही. लोकांना ते खटकलं, आणि लोकांना काय खटकत नाही?

दिवस झाल्यावर बबनराव आले. सांत्वनाचे चार शब्द बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. सुनेला ताप होता, लाल-काळ्या दोनचार मिळाल्या तर बरं. आनंदाबाईनं मडकं आणलं आणि त्यांच्यासमोर अंगणात आपटलं. राख उडाली. मग तिनं खड्डा खणून सगळं पुरलं आणि वर दगड ठेवला.

"तिच्या दवाईत ताकद होती तोपर्यंत द्यायची," बबनराव पारावर म्हणाले. "आता पोट्टी गेली तं कंजूस झाली." तिनं त्यांना बैलाची गोष्ट सांगून पाहिली, बियाची गोष्ट सांगून पाहिली. घरोघर जाऊन सांगितलं, गोळ्या राखू नका म्हणून. लोक मान हलवायचे. आम्हाला राखायला शिकवणारी हीच, आता संपवा म्हणते, दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं. पुढे ऐकलं की बबनरावांच्या घरी तसलंच मडकं सुरू झालं आहे. राख, पाला, पुरचुंड्या. हेही ते तिच्याकडूनच शिकले होते, आणि चांगलं शिकले होते.

मग पुढचा मृग आला. पहिल्या वाफशाला लोक बिजवाईसाठी तिच्या ओसरीवर जमले. मला भिंतीपलीकडून शिजत्या ज्वारीचा वास आला. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणी ज्वारी शिजवत नाही, म्हणून मी गेले.

मागच्या खोलीतली उतरंड मोडलेली होती. सगळ्या मडक्यांची तोंडं फोडलेली, आणि चुलीवर मोठ्या गंजात बिजवाईची ज्वारी रटरटत होती. राख धुऊन, मीठ घालून तिनं घुगऱ्या केल्या होत्या. ओसरीवरचे लोक दारातून बघत होते, कुणाची आत यायची छाती होत नव्हती. मी "काकू, अहो बिजवाई..." एवढंच म्हणाले.

तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं. एक वाटी ओसरीवर लक्ष्मणरावांना दिली, एक माझ्या हातात ठेवली. पण पहिलं ताट तिनं आधीच वाढून ठेवलं होतं, चुलीजवळच्या त्या कोपऱ्यात, जिथं नलू बसायची.

"बहात्तर साली मांगे ते," आनंदाबाई म्हणाली. "घुगऱ्या दे म्हणे. नाई देल्ल्या म्या."